दंडाच्या तीन थप्प्या

(भोरला जीप-टेम्पो चालवणाऱ्या, हमाली आणि मजुरी करणाऱ्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. जसं बोललो तसंच घरी येऊन कागदावर उतरवलंय. भाषा सुधारलेली नाही.)

मित्रहो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबहिणींनो,

मला इथं कविता वाचायला बोलावलंय. वही आणलीय. पण आज वही पिशवीतच राहू दे. आज मी तुमच्यापुढं एक पावती वाचणार आहे. हजार रुपयांची. ही पावती माझ्या थोरल्या चुलतभावाच्या जीपची आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. तुम्हीबी दादाच म्हणता. वेल्ह्याकडून विंझर, मार्गासनी, आंबवणे करत नसरापूरला येताना त्याच्या जीपच्या मागच्या पायरीवर कधी लोंबकळला नाही असा इथं क्वचितच कोणी असेल.

मी शिकलेला माणूस नाही. दहावी झालो आणि मुंबईला गोदीच्या कामाला लागलो. तिथं मुकादमाच्या हाताखाली एक गोष्ट शिकलो. उतरवलेला माल एका ढिगात टाकायचा नाही. चांगला वेगळा, भिजलेला वेगळा, फुटलेला वेगळा. थप्पी लावल्याशिवाय मोजणी होत नाही, आणि मोजणी झाल्याशिवाय भांडायला तोंड राहत नाही.

मागच्या बैठकीला एक गृहस्थ आले होते. आपल्यातलेच. आता पुण्यात राहतात, स्वतःच्या चारचाकीतून आले होते. जीपवाले दंडाच्या नावानं बोंब मारत होते तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, साधी गोष्ट आहे. नियम पाळा. नियम पाळणाऱ्याला कोण दंड करतो?"

आणि आपण सगळे गप्प बसलो. मीसुद्धा. वाक्य बरोबर वाटलं. घाटात पाटी लावलेली असते ना, 'नियम पाळा, अपघात टाळा', त्याच सुरातलं. खोडून काय काढणार? पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा आज उत्तर घेऊन आलोय. उत्तर द्यायच्या आधी दंडाच्या तीन थप्प्या लावतो. पहिली थप्पी, जो दंड आपण आज, आत्ता, जवळजवळ फुकटात टाळू शकतो. दुसरी, जो टाळता येतो, पण त्याला पैसा मोडावा लागतो आणि खाडे पडतात. तिसरी, जो ड्रायव्हरनं काय वाटेल ते केलं तरी टळत नाही.

पहिली थप्पी आपल्या स्वतःच्या अंगावरची आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करतो. ऐकायला कडू लागेल. लागू द्या.

फटफटीवर तिघं बसायचं, हे कोणी आपल्यावर लादलंय? एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात मोबाईल, हे कोणत्या प्रस्थापितानं सांगितलं? दारू पिऊन रात्री घाट उतरायचा, हा कसला विद्रोह? २०१९ च्या दुरुस्तीत तिब्बल शीटला हजार रुपये झाले. हेल्मेट नसलं तर हजार आणि वर तीन महिने लायसन बाद. दारू पिऊन चालवली तर पहिल्या खेपेला दहा हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. महाराष्ट्रानं तडजोडीच्या काही रकमा कमी ठेवल्यात, पण ते बाजूला ठेवा. हा दंड आपण भरतो आणि वर व्यवस्थेला शिव्या देतो. व्यवस्थेला शिव्या द्यायला माझी ना नाही. पण शिवी योग्य पत्त्यावर गेली पाहिजे.

१४ एप्रिलला आपली पोरं निघतात. फटफटीला निळा झेंडा, एका गाडीवर तिघं, डोक्यावर हेल्मेटच्या जागी नुसती पट्टी. कोणी अडवलं की म्हणतात, आम्हालाच अडवता का? आरं बाबा, बाकीच्यांच्या मिरवणुकीत कोणी अडवत नाही हे खरं. पण झेंडा लावला म्हणून डोकं दगडाचं होत नाही. माझ्याबरोबर शाळेत शेवटच्या बाकावर बसणारा पोरगा असाच गेला. नाव घेत नाही, त्याची आई इथं बसलीय. हेल्मेट घरात खुंटीला होतं. त्या दिवशी त्याला कोणी दंड केला असता तर त्यानं त्या पोलिसाला शिव्या दिल्या असत्या, आणि आज तो इथं बसून टाळ्या वाजवत असता.

आणखी एक सांगतो. १९२९ सालची गोष्ट. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावर खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून वस्तीवर जायला टांगा पाहिजे. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायचा म्हणजे टांगेवाल्यांना कमीपणा. एकही तयार होईना. शेवटी टांगा तेवढा भाड्यानं मिळाला आणि हाकायला आपलाच एक माणूस बसला. त्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. मोरीवर दगडात चाक अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. टांगा आणि घोडा नदीत गेला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. आणि त्यात ते नुसत्या टांगेवाल्यावर बोट ठेवून थांबत नाहीत. आपल्या लोकांनी पाहुण्याचा मान राखायला गेलं, पण प्रवाशाचा जीव मानापेक्षा मोठा असतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, असंही सांगतात.

ज्याला चालवता येत नाही त्याच्या हातात लगाम द्यायचा नाही. लायसनच्या नियमाचा मूळ अर्थ एवढाच आहे. हा नियम सायबाच्या भल्यासाठी नाही, मागं बसलेल्याच्या जीवासाठी आहे. आपण मात्र पंधरा वर्षांच्या पोराला दळण आणायला गाडी देतो. आज कायद्यात त्याला बापाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा ही पहिली थप्पी आपली. तिच्यापुरतं त्या गृहस्थांचं म्हणणं सोळा आणे खरं. तिथं आपण गप्प बसलो ते बरोबरच होतं.

आता दुसरी थप्पी.

लायसन काढा, विमा काढा, पीयूसी काढा, जुन्या गाडीला नवी नंबरप्लेट लावा, गाडी विकत घेतली तर नाव बदलून घ्या. नियम एकेक बघितला तर रास्त आहे. पण तो पाळायला काय लागतं? आपल्या गाड्या एम.एच. १२. म्हणजे आर.टी.ओ. पुण्यात. वेल्ह्याच्या, आता सरकारी नावानं राजगड तालुका म्हणा, त्या डोंगरातल्या वाडीवरनं पुण्याला जाऊन यायचं म्हणजे एक खाडा. शिकाऊ लायसनचं बघायचं, पक्क्या लायसनची टेस्ट द्यायची, टेस्टात नापास झालो तर पुन्हा जायचं. खाड्यावर खाडा. एजंटाकडं गेलो तर त्याचे वेगळे. आणि २०१९ पर्यंत तर टेम्पो-ट्रक चालवायच्या लायसनला आठवी पास असल्याची अट होती. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला चाक उत्तम फिरवता येत असलं तरी कायद्यानं तो ड्रायव्हर नव्हता. त्याची शाळा का सुटली, हे विचारायला कुठलंही कलम नव्हतं.

माझीच गोष्ट सांगतो. मी पुण्यातनं जुनी फटफटी घेतली. पैसे दिले, चावी घेतली, पुस्तक घेतलं. नमुना २९ आणि नमुना ३० भरून नाव बदलायचं असतं हे मला माहीत नव्हतं. फटफटी गावाला राहिली, चालवायला घरातले चौघं. आता दंड पावतीबुकावर फाडत नाहीत. फोटो काढतात, दंड नंबरावर चढतो आणि निरोप जातो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाईलवर. म्हणजे पुण्यातल्या जुन्या मालकाला. तो बिचारा वाचून पुसून टाकायचा. दोन वर्षांनी एका नाक्यावर गाडी अडवली आणि यंत्रात बघून म्हणाले, सात चलान बाकी आहेत. सात! त्यातले चार पहिल्या थप्पीतले होते, हे मी कबूल करतो. पण पहिल्याच चलानाचा निरोप मला मिळाला असता तर उरलेले सहा झालेच नसते. दंड कशासाठी असतो? माणूस सुधारावा म्हणून. ज्याला दंड झाल्याचं कळलंच नाही तो सुधारणार कसा?

आता रकमेचं बघा. विनालायसन गाडी चालवली तर १९८८ च्या कायद्यात पाचशे रुपये होते. २०१९ च्या दुरुस्तीत पाच हजार झाले. एकदम दहापट. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती ३१२ रुपये. म्हणजे पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची माती. आणि चारचाकीतनं आलेल्या त्या गृहस्थांना पाच हजार म्हणजे किती दिवस? मला माहीत नाही, पण सोळा नक्की नाहीत. कायदा म्हणतो, सगळ्यांना सारखा दंड. एकाच वजनाचं पोतं पैलवानाच्या आणि पोराच्या पाठीवर टाकायचं आणि म्हणायचं, सारखं वाटलं.

हे जगात सगळीकडं असंच आहे असं समजू नका. फिनलंड नावाचा देश आहे. तिथं वेगाचा मोठा दंड माणसाच्या कमाईवर बसवतात. नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं फटफटी जोरात हाकली, तर त्याला २००२ साली एक लाख सोळा हजार युरो दंड ठोठावला. पुढं अपिलात तो बराच कमी झाला, कारण त्याची कमाई मधल्या काळात घटली होती. पण तत्त्व बघा. मजुराचे दोन दिवस जात असतील तर सायबाचेही दोन दिवस गेले पाहिजेत. असा दंड बसला तर मी नियमाला हात जोडून नमस्कार करीन.

आणि या दहापट दंडानं आणखी एक केलं. हात वर करायला सांगत नाही, कारण सगळ्यांचेच वर होतील. पाच हजारांची पावती फाडू का दोनशेवर मिटवू, असं कोणी विचारलं की आपण दोनशे काढतो. दंड वाढला तसा चहाही महाग झाला. सरकारच्या तिजोरीत काही गेलं नाही, रस्त्यावर सुधारणा काही झाली नाही, आणि विनालायसनवाला दोनशे देऊन पुढच्या वळणावर तसाच गेला. घेणारा चोर आहेच. पण देणाऱ्यानं आपण साव असल्याचं सोंग आणू नये. मी स्वतः दिलेत. म्हणून बोलतोय.

आता तिसरी थप्पी. ही पावती त्या थप्पीतली आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दादाची जीप काळी-पिवळी, परमिटची. विमा आहे, लायसन आहे, पीयूसी आहे. सीटा नऊ. त्या दिवशी बसले होते चौदा. सकाळची गाडी आली नव्हती आणि पुढची कधी, ते कोणाला ठाऊक नव्हतं. शाळेची दोन पोरं, तापानं फणफणलेलं एक लेकरू घेऊन त्याची आई, बाजाराला निघालेले चार म्हातारे, आणि माझी आई. तिला दवाखान्यात साखर तपासायला जायचं होतं. दादानं नऊ बसवले आणि म्हणाला, आता बास. तर म्हातारा खाली उभा राहून म्हणतो, "आरं, आमास्नी हितंच सोडून जातूस व्हय? तुझ्या बापाला म्या खांद्यावर खेळिवलाय." आता सांगा. नऊ सीटांचा नियम पाळायचा म्हणजे त्या म्हाताऱ्याला पावसात उभा ठेवून गाडी काढायची. दादानं काढली नाही. पाच जादा घेतले.

फाट्यावर अडवलं. पाच जादा, दरडोई दोनशे, हजार रुपये. पावती रीतसर दिली, शिवीगाळ केली नाही, एक रुपया वरचा मागितला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की पोलीस खराब होता. पोलीस चांगला होता. त्यानं नियमाप्रमाणं पाच माणसं खाली उतरवली. उतरणाऱ्यांत माझी आई होती. तिनं त्या लेकराच्या आईला बसायला जागा दिली आणि आपण उतरली. मग ती पाच माणसं पावसात चालत निघाली. सहा किलोमीटर. दवाखाना बंद झाल्यावर आई पोचली.

मी तेव्हा मुंबईत. रात्रपाळीला मोबाईलवर कायदा वाचत बसलो. कलम १९४-अ. जादा प्रवाशामागं दोनशे रुपये, बरोबर आहे. पण कलम तिथं संपत नाही मित्रांनो. पुढं लिहिलंय की जादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची व्यवस्था झाल्याशिवाय ती गाडी हलवू द्यायची नाही. दुसऱ्या वाहनाची व्यवस्था! मी दोनदा वाचलं. व्यवस्था कोणी करायची ते लिहिलेलं नाही. पोलिसानं? एस.टी.नं? कलेक्टरनं? दंड कोणी भरायचा ते मात्र स्वच्छ लिहिलंय. कायद्याचा निम्मा भाग फाट्यावर अमलात आला आणि निम्मा पुस्तकात राहिला. जो पुस्तकात राहिला तो माझ्या आईचा होता.

आता कोणी म्हणेल, चौदा माणसं भरून घाट उतरणं धोक्याचं नाही का? आहे. शंभर टक्के आहे. नियम चुकीचा आहे असं मी म्हणतच नाही. गाडी उलटली तर नऊच्या जागी चौदा मढी निघतील. पण मग माणसं त्या पायरीवर हौसेनं लोंबकळतात का? १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एस.टी. सुटली, त्यामागं विचार हाच होता की रस्त्यावरच्या माणसाला सरकारची गाडी मिळावी. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना एस.टी. फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. चांगलं आहे, त्याचं कौतुक करतो. पण तिकीट अर्धं चालेल, गाडी पूर्ण यायला पाहिजे.

आता ऐका, याच्याहून मोठी गंमत. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. गाड्या आगारात उभ्या. लोकांचे हाल. तेव्हा सरकारनं काय केलं? ८ नोव्हेंबर २०२१ ला अधिसूचना काढली, की संप चालू असेपर्यंत खाजगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस आणि मालवाहू गाड्यासुद्धा प्रवासी नेऊ शकतात. मालवाहू! ज्या टेम्पोत माणसं बसवली म्हणून आदल्या महिन्यात परमिटभंगाचा खटला झाला असता, त्याच टेम्पोत माणसं बसवायला सरकारनं सही केली. म्हणजे गाडी नसली की माणसानं काय करायचं, हे सरकारलाही ठाऊक आहे. फरक एवढाच, की संपात साऱ्या महाराष्ट्राची गाडी बंद होती, म्हणून तिची अधिसूचना निघाली. आपल्या वाडीला वर्षभर गाडी नसते, तिची अधिसूचना निघत नाही.

आणि त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०२१ मध्ये, एस.टी. बंद असतानाच, महाराष्ट्रात वाढीव दंड लागू झाले. केंद्राचा कायदा १ सप्टेंबर २०१९ चा. पण तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून राज्यानं थांबवला होता. मतं मागायची होती तोवर दंड महाग वाटला. मतं मिळाली, मग परवडायला लागला.

आता मालगाडीवाल्यांचं. गोदीबाहेर ट्रेलरच्या रांगा लागतात. मी ड्रायव्हरांबरोबर चहा पितो. जादा वजनाला २०१९ पासून वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. वजन कोण ठरवतो? मालक आणि माल पाठवणारा. ड्रायव्हर नाही म्हणाला तर दुसरा ड्रायव्हर उभा आहे. खेपा किती करायच्या, डिझेल किती लागलं पाहिजे, झोप किती घ्यायची, सगळं मालकाच्या हिशेबात. पकडला की दंड गाडीवर चढतो आणि कापला जातो ड्रायव्हरच्या पगारातनं. एकजण मला म्हणाला, "महिना भरला आणि हातात एकवीसशे आले." त्यानं कोणता नियम पाळायचा होता, ते मला कोणीतरी सांगा.

आपल्या याच हमरस्त्यानं पुढं जा. कात्रजच्या नव्या बोगद्यातनं बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं चाळीसच्या वर गाड्या चेचल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा त्याच भागात मोठा अपघात, गाड्यांना आग, माणसं जळून मेली. दर वेळी आधी ड्रायव्हरचं नाव येतं. ड्रायव्हरची चूक असेल तर त्याला शिक्षा व्हावी. पण एकाच उतारावर वर्षानुवर्षं वेगवेगळे ड्रायव्हर तीच चूक करतात, तर उताराला कोणी काही विचारणार की नाही?

कायद्यात विचारायची सोय आहे. हे आपल्याला कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. कलम १९८-अ. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या प्रमाणाप्रमाणं केली नाही, आणि त्यामुळं माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. नीट ऐकलंत का? आपल्याला दंड काही व्हायच्या आधी. ठेकेदाराला दंड माणूस मेल्यावर. आणि मढ्याची वरची किंमत एक लाख. कलम २१०-ब. ज्यांच्याकडं हा कायदा राबवायचं काम आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. कॅमेऱ्यानं दंड करायचा असेल तर २०२१ च्या नियमात सांगितलंय, की त्या टप्प्याच्या आधी ठळक पाटी पाहिजे आणि नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे. आपल्याकडं पाटी असते. पाटीवर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. भाऊ हसत असतात, मागं वळणाची खूण असते.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की खड्ड्यापायी माणूस मेला तर वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्या. म्हणजे खड्डा हा देवाचा कोप नाही, कोणाचं तरी काम राहिलेलं आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. आता खड्डा मोजायचं काम आपलं.

तर काय करायचं? नुसतं बोंबलून मी खाली बसणार नाही.

एक. पहिली थप्पी उद्यापासनं बंद. हेल्मेट, तिब्बल शीट, दारू, मोबाईल, लहान पोराच्या हातात गाडी. येत्या १४ एप्रिलला आपली पहिली फटफटी निघेल ती दोघांची, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. हसतील हसू द्या. ज्याचे स्वतःचे कागद साफ आहेत तोच दुसऱ्याचे कागद मागू शकतो.

दोन. दुसऱ्या थप्पीसाठी भिशी घालायची. लग्नासाठी घालतो, तशी लायसनसाठी. महिन्याला दोघांचे कागद पूर्ण करायचे. जुनी गाडी घेतली तर आधी नाव बदलायचं, मग किक मारायची. कागद मोबाईलमध्ये डिजिलॉकरला ठेवा, २०१८ पासून तेही चालतात. मी माझ्या गाडीचं नाव बदलून घेतलंय. सातही चलान भरले. तीन चुकीचे वाटले होते, पण तक्रार करायची असते हे भरल्यावर कळलं. तुम्ही आधी करा. ऑनलाईन करता येते, नाहीतर कोर्टात जाता येतं.

तीन. पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. महाग पडेल. पहिले काही महिने फार महाग पडेल. तरी द्यायचा नाही.

चार, तिसरी थप्पी. ती एकट्या ड्रायव्हरला उचलत नाही, तिला टोळी लागते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा, की आमच्या वाडीला सकाळी किती माणसं निघतात, किती गाड्या येतात, किती सीटा कमी पडतात. आकडे लिहायचे, नुसता संताप लिहायचा नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाकायचा, की हा रस्ता कोणी केला, कधी केला, दुरुस्तीची जबाबदारी कोणावर आणि किती वर्षं. ठेकेदाराचं नाव रस्त्याच्या कडेला पाटीवर आलं पाहिजे, भाऊंच्या फ्लेक्सच्या जागी. आणि पुढच्या वेळी फाट्यावर माणसं उतरवली, तर उतरायचं, भांडायचं नाही. जीप तिथंच उभी ठेवायची आणि नम्रपणानं सांगायचं, साहेब, कलम १९४-अ, दुसऱ्या वाहनाची व्यवस्था होईपर्यंत ही गाडी हलत नाही. आम्ही नियम पाळतोय. तुम्हीबी पाळा.

त्या गृहस्थांनी विचारलं होतं, नियम पाळणाऱ्याला कोण दंड करतो? साहेब, तुम्ही आज आला नाहीत, पण हा अंक तुमच्यापर्यंत पोचेल. माझ्या आईनं कोणताही नियम मोडला नव्हता. तिनं उतरा म्हटल्यावर उतरून दाखवलं. दादानं हजार रुपये भरले. सहा किलोमीटरचा दंड तिनं भरला, आणि त्याची पावती तिला कोणी दिली नाही.

म्हणून ही हजाराची पावती मी जपून ठेवलीय. तिच्या पाठीमागं कोरी जागा आहे. तिथं ग्रामसभेचा ठराव लिहायचाय. पेन माझ्याकडं आहे. सह्या तुमच्या पाहिजेत.

जय भीम.